चेनसॉ मॅन, मु. पो. कुंडल

मारामारीचं कौतुक कुंडलात सांगायला जाऊ नये. त्या विषयात हे गाव फार पुढच्या इयत्तेत बसलेलं आहे. इथलं कुस्ती मैदान अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. हलगी कडाडली की आसपासच्या तालुक्यांतली माणसं हातातली कामं टाकून इकडे वळतात. नामांकित मल्लांच्या लढती डोळ्यांत माती जाईपर्यंत बघितलेल्या माणसाला पडद्यावरच्या हिरोने दहा जण हवेत उडवले तरी काही वाटत नाही. तो एवढंच विचारतो, "पाठ लागली का?"

दुसरी अडचण इतिहासाची. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार जुन्या सातारा जिल्ह्यात चाललं, तेव्हा कुंडल हे त्याचं मोठं ठाणं होतं. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड इथलेच. कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाडही इथलेच. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतल्या या लोकांनी ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम घेऊन निघालेली रेल्वे अडवली. रुळांवर दगड रचले, गाडी थांबवली, पैसे घेतले. पार्श्वसंगीत नाही, स्लो मोशन नाही, हिरोच्या केसांना वारा नाही. कॅप्टन भाऊ २०२२ पर्यंत आमच्यात होते. त्यामुळे आमच्या पुतण्याच्या पिढीनेसुद्धा खराखुरा ॲक्शन हिरो साध्या पांढऱ्या कपड्यांत, हळू चालताना बघितलेला आहे.

अशा गावात, अशा घरात, पुतण्याने एका रविवारी टीव्हीला मोबाइल जोडला आणि जाहीर केलं की आज सगळ्यांनी 'चेनसॉ मॅन'चा पहिला भाग बघायचा.

पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदानावर पळतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो आणि उरलेल्या वेळात जपानमध्ये राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच 'चेनसॉ मॅन'चा 'रेझे आर्क' नावाचा सिनेमा भारतात लागला, तेव्हा तो मित्रांबरोबर पुण्याला जाऊन बघून आला होता. आल्यापासून त्याला घरच्यांची कीव येत होती. माणसं चांगली आहेत, पण ॲनिमे न बघताच म्हातारी होणार, असा एक दयाळू भाव त्याच्या तोंडावर असे.

प्रेक्षकवर्ग पुढीलप्रमाणे जमला. आबा, म्हणजे माझे वडील, नव्वदीला टेकलेले, किर्लोस्करवाडीत आयुष्यभर नोकरी केलेले. दादा, पुतण्याचा बाप, ऊस आणि अधूनमधून पश्चात्ताप पिकवणारा. वहिनी, हातात निवडायची मेथी. शेजारचे तात्या, जुने पैलवान. कान असे मोडलेले की त्यांना वेगळं ओळखपत्र लागत नाही. आणि मी.

"कार्टून हाय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"कार्टून नाही तात्या, ॲनिमे," पुतण्या दुखावून म्हणाला.

खरं तर या घरात ॲनिमे नवीन नव्हतं. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागायचं, गुलजारांच्या गाण्यासकट, तेव्हा मोगली बघायला सगळी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत मावायची. ती मालिका जपानमध्ये तयार झालेली होती. हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा त्याला आनंद व्हायच्या ऐवजी किंचित राग आला. आपण शोधून काढलेल्या देशात काका आधीच चड्डी घालून फिरून आले होते, हे कुणालाही आवडत नाही.

त्याने आधी शीर्षकगीत वेगळं लावून दाखवलं. केन्शी योनेझु नावाच्या गायकाचं 'किक बॅक'. गाण्यापेक्षा ती धडकच जास्त. काळे सूट, काळे टाय घातलेली पात्रं ऐटीत एका रांगेत चालत येतात. पुतण्या प्रत्येक दृश्याला कुठल्या अमेरिकन सिनेमाला सलाम ठोकला आहे ते सांगत होता. हा टॅरेंटिनो, हा कोएन बंधूंचा. वहिनींनी मेथीची काडी मोडली. "इन्शुरन्सची मानसं दिसत्यात," त्या म्हणाल्या आणि ते दृश्य माझ्यापुरतं कायमचं बाद झालं. आता ते काळे सूटवाले दिसले की मला हप्त्याची तारीख आठवते.

मग पहिला भाग सुरू झाला. तात्सुकी फुजिमोतो यांचं चित्रकथानक २०१८ च्या डिसेंबरात जपानी साप्ताहिकातून सुरू झालं आणि माप्पा या स्टुडिओने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची मालिका आणली. अशा मालिकांची ख्याती म्हणजे पहिल्या मिनिटाला स्फोट, दुसऱ्याला किंकाळी. इथे मात्र बराच वेळ एक फाटका पोरगा नुसता चालतो आणि पैसे मोजतो. नाव डेंजी, वय सोळा. बापाने याकुझाकडून, म्हणजे जपानी गुंडांच्या टोळीकडून, कर्ज घेतलं आणि बाप गेला. कर्ज पोराच्या डोक्यावर. शिल्लक बाकी तीन कोटी ऐंशी लाख चाळीस हजार येन.

आकडा ऐकल्यावर खोलीत पहिल्यांदा शांतता झाली. दादाने पाय खाली घेतले.

पोरगा झाडं तोडतो. ते पुरत नाही म्हणून सैतान मारून त्यांची मढी विकतो. एक मूत्रपिंड विकलं आहे, एक डोळा विकला आहे आणि आणखी एक अवयव विकला आहे, ज्याचं नाव पुतण्याने आबा बसलेत म्हणून मराठीत आणलं नाही. एक सैतान मारला की टोळीचा म्हातारा त्याचे पैसे देतो. वर भरघोस रक्कम, मग खाली कपात: व्याज, दलाली, अमुक, तमुक. डेंजीच्या हातात जे उरतं त्यात महिना काढायचा.

"ह्ये तर उसाचं बिल," दादा म्हणाला.

पुढची दोन मिनिटं टीव्ही थांबवून दादाने आम्हाला सोसायटीची वसुली, पाणीपट्टी, खताची उधारी आणि तोडणीवाल्याची खुशाली या क्रमाने समजावून सांगितली. वरचा आकडा बघून माणूस घरी पेढे आणायला सांगतो आणि खालचा बघून पेढेवाल्याला फोन करतो. पुतण्या तळमळत होता. त्याला वाटलं होतं की काका करवतीवर चकित होतील, बाप रक्तावर घाबरेल; आणि इथे सगळे कपातीवर रमले होते.

"व्याज किती टक्क्यानं?" आबांनी विचारलं.

पुतण्याला माहीत नव्हतं. जगभरच्या चाहत्यांनी या मालिकेतल्या प्रत्येक रक्ताच्या थेंबाचा अभ्यास केला असेल, पण व्याजाचा दर कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. आबांना मुद्दल किती, व्याज किती, चक्रवाढ आहे का, हे कळल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. शिवाय त्यांचा एक मूलभूत आक्षेप होता. बापाचं कर्ज पोराला लागतं ते बापाने मागे ठेवलेल्या इस्टेटीपुरतं. या बापाने मागे काय ठेवलं? एक पत्र्याचं खोपटं. मग एवढी बाकी पोराच्या नावावर कुठल्या कायद्याने?

आबांचं बरोबर होतं. आपल्याकडेही तसंच आहे आणि जपानमध्येही वारसाला तीन महिन्यांच्या आत वारसा नाकारता येतो. डेंजीला एखादा बरा वकील भेटला असता तर 'चेनसॉ मॅन' सातव्या मिनिटाला संपली असती. पण पोरगा तेव्हा लहान होता आणि बापाने जीव दिला असं त्याला सांगितलं जातं. तो प्रसंग अगदी थोडा वेळ दिसतो. त्यावर आमच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. वहिनींनी मेथीचं ताट बाजूला ठेवलं.

"असल्या सावकाराचं आमच्या लहानपनी काय झालं असतं ठाव हाय न्हवं?" आबा थोड्या वेळाने म्हणाले. ठाऊक होतं. प्रतिसरकारच्या न्यायमंडळांपुढे गावोगावचे सावकार आणि दरोडेखोर उभे केले जायचे, गोरगरिबांच्या बळकावलेल्या जमिनी परत करायला लावायचे आणि जो ऐकत नसे त्याच्या तळपायांचा समाचार घेतला जाई. आबांनी ते लहानपणी ऐकलं, थोडंफार बघितलंही. त्यांच्या दृष्टीने डेंजीची अडचण अगदी साधी होती. पोरगा चुकीच्या देशात आणि चुकीच्या साली जन्मला होता.

टोमॅटोचा सैतान आला तेव्हा मात्र आमचं घर त्या मालिकेच्या पूर्णपणे बाजूने झालं. या कथेतले सैतान माणसांच्या भीतीतून जन्माला येतात. ज्या गोष्टीला लोक जास्त भितात तिचा सैतान जास्त ताकदवान. टोमॅटोचा सैतान हा जपान्यांच्या मते विनोद आहे. टोमॅटोला कोण घाबरतं? डेंजी त्याला बघता बघता कापून काढतो. पण दादाने एका साली टोमॅटो केला होता. काठ्या, तार, सुतळी, औषधं, मजुरी सगळं झालं आणि माल निघायला लागला त्याच आठवड्यात दर असा पडला की बाजारात नेण्याच्या भाड्याइतकेही पैसे येईनात. बांधावर टोमॅटोचे ढीग सडले. तो मोठाच्या मोठा लाल गोळा डोळे वटारून पडद्यावर आला, तेव्हा दादा हसला नाही. "ह्यो सगळ्यात मोठा असनार," तो गंभीरपणे म्हणाला. तो एका फटक्यात मेला हे त्याला अजून पटलेलं नाही.

भीतीचा हा हिशेब कळल्यावर खोलीत आमच्या भागातले सैतान मोजले गेले. हुमणीचा सैतान, जो जमिनीखालून उसाच्या मुळ्या खातो. रात्री दोन वाजता येणाऱ्या लाइटचा सैतान, ज्याच्यासाठी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागतं. उसातला बिबट्या, जो पहिल्या दोघांच्या मधल्या रस्त्यात बसलेला असतो. वहिनींनी जास्तीचं काही न बोलता "पाहुणे" एवढंच म्हटलं. तो सैतान कुणाकडचा हे विचारायचं धाडस दादाने केलं नाही.

डेंजीबरोबर एक कुत्र्याएवढा नारिंगी सैतान असतो, पोचिता. त्याच्या डोक्यातूनच बाहेर आलेलं करवतीचं पातं. वहिनींना तो पहिल्या नजरेत आवडला. एकमेकांच्या अंगाला चिकटून झोपणं, एका पावाचे दोन तुकडे करणं, यात दिग्दर्शक र्‍यू नाकायामा इतका वेळ घालवतो की जपानातल्या काही चाहत्यांनी कुरकुर केली होती म्हणे: हा सिनेमासारखा संथ का, चित्रकथेसारखा वेडा का नाही. मला तोच भाग उत्तम वाटला. ओला रस्ता, पत्र्यावर पडणारा उजेड, उपाशी पोराचा खोकला. एका गुंडाने शंभर येनसाठी त्याला सिगारेट खायला सांगितली, आणि त्याने ती तोंडात टाकली. शेवटच्या सगळ्या रक्तापेक्षा मला ते जास्त लागलं. पुतण्या मात्र घड्याळाकडे बघत होता. "आता, काका. आता फोन बाजूला ठेवा."

मी फोन घेतलाच नव्हता. पण निवेदकाला थांबवू नये. मैदानात निवेदक मल्लाचं गाव, वस्ताद, तालीम, कुठे कुठे कोणाला आस्मान दाखवलं हे सगळं सांगतो, म्हणून कुस्ती कुस्ती वाटते. पुतण्याचं तेच चाललं होतं.

गुंड डेंजीला एका गोदामात नेतात, दगा देतात, तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकतात. पोचिता त्याचं काळीज होतो. पोरगा उठतो, छातीतून बाहेर आलेली दोरी ओढतो आणि डोक्यातून, दोन्ही हातांतून करवती बाहेर येतात. घर्रर्र. केन्सुके उशिओचं संगीत भिंतींना धक्के द्यायला लागलं. हाताने काढलेली चित्रं आणि संगणकावरची चित्रं यांचा असा काही गरगराट, की आमच्या टीव्हीखालचं स्टॅंड थरथरलं. पुतण्याने आमच्याकडे बघितलं. हा त्याचा क्षण होता.

"एका वढीत चालू झालं?" दादा म्हणाला.

आमच्याकडे बाभळी आणि वाळलेले आंबे तोडायला एक चेनसॉ आहे. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावं लागतं. सकाळी गार असताना ते सुरू करायचं म्हणजे आधी चोक, मग दोरीला हिसके, मग शिव्या, मग प्लग काढून पुसणं, मग शेजारच्या पोराला बोलावणं, आणि तो पोरगा आला की पहिल्या हिसक्यात सुरू. डोक्यावर करवत उगवणं दादाने निमूटपणे मान्य केलं, मेलेला माणूस उठला हेही मान्य केलं. पण चोक न देता, पहिल्या ओढीत, कचऱ्याच्या डब्यातल्या ओल्यात? इथे मात्र लेखकाने वाटेल ते दाखवलं असं त्याचं ठाम मत पडलं.

"पेट्रोलवर नाही पप्पा, तो रक्तावर चालतो."

"ॲव्हरेज किती देतो?"

तात्यांचा आक्षेप वेगळ्या शाखेतला होता. डेंजी शत्रूंच्या गर्दीत घुसून सपासप कापत होता, रक्ताचे फवारे उडत होते, आणि तात्या पुढे वाकून त्याचे पाय बघत होते. "पवित्रा न्हाई. पाय ताठ. नुस्ता म्होरं रेटतोय." पुतण्याने विचारलं, हाताला करवती असलेल्या माणसाचा पट कोण काढणार? तात्या म्हणाले, पट कशाला, बगलेतनं मागं जाऊन ताबा घ्यायचा; करवत म्होरंच चालती न्हवं? मग घिस्सा. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला क्षणभर डेंजीची काळजी वाटली. तात्यांच्या मते पोरात ताकद आहे, वस्ताद नाही. एक वर्ष लाल मातीत घोळला तर नाव काढेल. करवती त्यांनी विचारातच घेतल्या नाहीत. आखाड्याच्या बाहेर ठेवाव्यात, एवढीच अट.

कापाकापी करता करता डेंजीच्या लक्षात येतं की या सगळ्यांना मारलं की आपलं कर्जही संपलं. त्या वेळी आबा टाळी वाजवून हसले. संपूर्ण भागात आबा हसले ते एवढंच. कर्जमाफीची इतकी स्वच्छ योजना त्यांनी आजवर ऐकली नव्हती. ना अर्ज, ना आधार जोडणी, ना यादीत नाव शोधणं.

आणि मग सकाळ होते. मढ्यांच्या ढिगाऱ्यात एक बाई येते. लांब कोट, मऊ आवाज, माकिमा. ती सरकारच्या सैतान पकडणाऱ्या खात्यातली. ती डेंजीला सांगते: सैतान म्हणून माझ्या हातून मर, नाहीतर माणूस म्हणून माझ्याकडे राहा; राहिलास तर खायला देईन. सकाळच्या न्याहारीला काय मिळेल, असं हा विचारतो. पाव, लोणी, जॅम, सॅलड, कॉफी, वर काहीतरी गोड. डेंजीला ते स्वर्गासारखं वाटतं.

"एवढं रगात सांडून पाव-जॅम?" वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्या पोराला कुणी भाकरी आणि ओली मेथी वाढली असती तर त्याने काय काय केलं असतं याचा त्या मनात अंदाज बांधत होत्या.

दादाचं म्हणणं, सरकारी माणूस घटनास्थळी एवढ्या लवकर पोचला हे सगळ्या भागातलं एकमेव अशक्य दृश्य आहे. पहिल्या ओढीत सुरू झालेलं यंत्र धरून दोन.

सरकारी खात्याचं ऐकून पुतण्याचे अभ्यासिकेतले दोन मित्र, जे एव्हाना दारात चपला काढून उभे होते, एकदम आत आले. आमच्या गावात वनखात्याची प्रबोधिनी आहे. वन अधिकाऱ्यांना तिथे प्रशिक्षण मिळतं आणि गणवेशातली मुलंमुली रस्त्याने जाताना बघून अर्धं गाव स्पर्धा परीक्षेच्या नादाला लागलेलं आहे. बिबट्याला पकडणारं सरकारी खातं दाराशी असल्यावर सैतान पकडणाऱ्या खात्याची कल्पना समजायला कुणाला कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले ते नियुक्तीचे.

"जाहिरात कधी निघाली होती?" पहिला मित्र.

"जाहिरात नाही. डायरेक्ट."

"लेखी?"

"नाही."

"मैदानी?"

"तेवढी माणसं कापली ती मैदानीच की."

"सोळाशे मीटर किती मिनिटांत?"

पुतण्याने कपाळाला हात लावला. तीन वर्षं घाम गाळणाऱ्या पोरांना माकिमाबाईंनी मिठी मारून सही केलेली भरती पचणं कठीण होतं. दुसऱ्या मित्राने वेगळा मुद्दा काढला: एक डोळा विकलेला उमेदवार मेडिकलला बसतोच कसा? यावर पुतण्याकडे उत्तर तयार होतं. पोचिता काळजात शिरल्यावर अंग पहिल्यासारखं झालं, डोळाही आला. मेडिकल पास.

"आणि छाती?" पहिला म्हणाला. "एकोणऐंशी, फुगवून चौऱ्याऐंशी. ती दोरी टेपच्या आत धरायची का बाहेर?"

"आत धरली तर दोन सेंटीमीटर फुकट मिळतात," दुसरा म्हणाला. "मी तर ऑब्जेक्शन घेणार."

"आन् मोजनाऱ्यानं चुकून वढली तर?" तात्यांनी विचारलं.

यावर चर्चा दुसरा भाग सुरू होऊन अर्धा संपेपर्यंत चालली. शेवटी आबांनीच निकाल दिला, की पोरगं सोळाचं आहे, भरतीला अठरा पूर्ण लागतात, अर्ज छाननीतच उडतोय, तवा छाती मोजायचा सवालच येत न्हाई.